ओला टॉवेल

माझ्या लग्नात माझ्या बायकोचा हात माझ्याआधी आमच्या सरांनी धरला. हे मी चावटपणे म्हणत नाही, सगळ्या मांडवाने पाहिलेलं आहे. अंतरपाट धरायला अजून अवकाश होता. तिचा मामा तिला बोहल्याकडे आणत होता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सर उठले, वाटेत आडवे झाले, हळदीने पिवळा झालेला तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. भटजी थांबले. सनईवाला थांबला. पुण्याहून आलेली मुलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग सरांनी डोळे उघडले आणि मला लांबूनच ओरडून सांगितलं, "गरम हाय रं! चांगलं हाय!"

मामाने मला नंतर बाजूला घेऊन विचारलं, हे गृहस्थ कोण. माझे गाइड, मी म्हणालो. गाइड म्हणजे वाट दाखवणारा ना, मग हा वाट अडवून का उभा होता, असं मामा म्हणाला. पुढे कित्येक वर्षं सरांबद्दल लोक मलाच काहीबाही विचारायचे.

सर आमच्या सोलापूरच्या मेडिकल कॉलेजात औषधशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. एम.डी.चा प्रबंधही त्यांच्याकडेच. म्हणजे माझी रजा, माझी पदवी आणि माझी बढती, सगळं त्या एका माणसाच्या सहीवर. आणि हा माणूस सही करायच्या आधी हात धरायचा.

ते मूळचे करमाळ्याकडच्या जेऊरचे. बायको तिकडे शेती बघायची, हे इथे एकटे एका खोलीत. शिक्षण मोठं होतं, परदेशातही राहून आलेले, पण बोलणं जेऊरचं ते जेऊरचंच. अंगात बुशशर्ट आणि खांद्यावर सोलापुरी टॉवेल. त्या टॉवेलाने ते घाम पुसायचे, फळा पुसायचे, सायकल पुसायचे, आणि उन्हात तोच डोक्याला गुंडाळून अक्कलकोट रोडने सायकल हाणत कॉलेजात यायचे. एकदा विद्यापीठाची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांना गेटवर सर भेटले. त्यांनी सरांनाच विचारलं, विभागप्रमुख कुठे बसतात. सरांनी त्यांना वर आणून खुर्च्या दिल्या, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, "हितं बसतात. बोला."

तर हात धरणं. सर कुणालाही भेटले की आधी हात हातात घेत. नमस्कार करायला कुणी हात जोडले तर ते जोडलेले हात उलगडून एक काढून घेत. मग डोळे मिटायचे, अंगठ्याने समोरच्याची बोटं एकेक करून चाचपायची आणि निकाल द्यायचा: गरम हाय, कोमट हाय, गार हाय. रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचतंय की नाही, एवढंच त्यांना बघायचं असायचं. पण हे भवानी पेठेत कुणाला सांगणार? मंडईत भाजीवालीचा हात धरून डोळे मिटून उभा राहिलेला माणूस म्हणजे पेठेच्या दृष्टीने ज्योतिषी. त्यातून एकीला ते "लई चांगलं हाय" म्हणाले आणि योगायोगाने त्याच महिन्यात तिच्या मुलीचं लग्न ठरलं. झालं. रविवारी सकाळी सरांच्या खोलीबाहेर बायका रांगेत बसायला लागल्या. सरांनाही गर्दी नको होती असं मुळीच नाही. एवढे हात आयते मिळतायत म्हटल्यावर ते खूष. कुणी विचारलं, "सायेब, पोराला नोकरी कधी लागंल?" की ते बोटं चाचपून म्हणायचे, "रक्ताचा दोष न्हाई." आणि बाई समाधानाने घरी जायची. मी कितीदा सांगितलं, सर, निदान दारावर पाटी लावा. ते म्हणाले, "कशाला? ती बी हात बगाय येतात, मी बी हातच बगतोय की."

आमच्या प्रयोगशाळेत एक डबा होता. भवानी पेठेतल्या एका पत्रेवाल्याकडून सरांनी तो तेलाच्या डब्यापासून करून घेतला होता. एका तोंडाला सायकलच्या ट्यूबची बाही. माणसाने त्यातून कोपरापर्यंत हात आत घालायचा, डब्यात कोमट पाणी भरायचं, आणि वर दंडाला रक्तदाब बघायचा पट्टा आवळायचा. पट्टा एवढाच आवळायचा की रक्त हातात येईल पण परत जाणार नाही. मग हात फुगतो, पाणी चढतं, त्या पाण्याने एक काडी हलते आणि ती काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते. रेघ जेवढी उभी, तेवढं हाताला रक्त जास्त. परदेशात ह्याला चकचकीत काचेचं यंत्र असतं. आमच्याकडे डबा होता, तो गळायचा, आणि गळती थांबवायला सरांचा टॉवेल होता. कागदाला काजळी धरवायचं काम माझं. रॉकेलच्या धुरात मी रोज तास न् तास उभा असायचो. लग्न ठरवायला मुलीचे वडील कॉलेजात मला बघायला आले तेव्हा माझ्या नाकाखाली काजळीच्या मिशा होत्या. त्यांचाही हात सरांनी डब्यात घातला. शिपाई, पोस्टमन, वीजमीटर बघायला आलेला माणूस, कुणीही त्या खोलीतून कोरड्या हाताने परत गेलं नाही.

माझा विषय सिरोटोनिन. पण खरं तर तो विषय माझा नव्हता, सरांचाच होता, मी फक्त त्यात सापडलो होतो. रक्त गोठलं की त्यातून एक पदार्थ सुटतो आणि तो रक्तवाहिनीला आवळतो, म्हणून 'सीरम' म्हणजे रक्तातलं पाणी आणि 'टोन' म्हणजे ताण असं जोडून त्याला हे नाव पडलं. सरांचं म्हणणं, नावच चुकलं. "ज्यानं नाव ठिवलं त्यानं एकच गाव बगितलं. ह्यो पदार्थ एका गावात वाहिनी आवळतो, दुसऱ्या गावात सैल सोडतो. मोठीला आवळंल, बारकीला सोडंल. माणूस बगून वागतोय त्यो. नावावर जाऊ नगा. हात बगा." हे 'हात बगा' मी दिवसातून इतक्या वेळा ऐकायचो की घरी आईने "हात धुऊन घे" म्हटलं तरी दचकायचो.

पोरांना हा विषय शिकवताना ते वर्गात एस.टी. आणायचे. बाक म्हणजे करमाळ्याची गाडी. "सिरोटोनिन म्हंजे पाशिंजर. वाहिनीच्या भिंतीत त्येची ठरल्याली सीट हाय. तितं बसला की वाहिनी आवळती. आता आपल्याला त्यो बसायला नको हाय. काय करायचं?"

सगळा वर्ग ओरडायचा, "टॉवेल टाकायचा!"

"व्हय. खिडकीतनं टॉवेल टाकायचा. टॉवेल सोता काय करतोय? काय बी न्हाई. नुसती जागा अडवतोय. पाशिंजर येतोय, टॉवेल बगतोय आन् फुडं जातोय. ह्येला म्हनायचं ब्लॉकर." मग ते टेबलाखालच्या बादलीतून दुसरा टॉवेल काढायचे, निथळत्या टॉवेलाने पहिल्या बाकावर जागा धरायचे आणि म्हणायचे, "आन् टॉवेल वला असला तर? पाशिंजर बसला न्हाई. पर सीट भिजली का न्हाई? काही औषधं असली असत्यात. जागा बी अडवत्यात, आन् ज्ये नको म्हनून जागा अडवायची त्येच सोता गुमान करत बसत्यात. टॉवेल कुनी टाकला ते बगू नगा. हात लावून बगा, वला हाय का कोरडा." आणि खात्री पटावी म्हणून एखाद्या पोराला त्या बाकावर बसवायचे. मागे डाग घेऊन बाहेर पडणारं पोर दिसलं की ओळखूनच घ्यावं, हे सरांच्या तासाला होतं.

ह्याचा परिणाम परीक्षेत दिसला. मुंबईहून आलेले परीक्षक पेपर तपासता तपासता मला बोलावून म्हणाले, हे 'वेट टॉवेल इफेक्ट' काय आहे? कुठल्या पुस्तकात आहे? निम्म्या पोरांनी लिहिलंय. सर तिथेच होते, त्यांनी परीक्षकांचा हात धरला आणि म्हणाले, "कोमट हाय. च्या घ्या."

माझा प्रबंध तयार होऊन बरेच दिवस झाले होते आणि सर सही करत नव्हते. दर वेळी एकच उत्तर, "आनखी एक हात बगू." मी रात्री घरी येऊन जेवता जेवता त्यांच्या नावाने बोटं मोडायचो आणि बायको हसायची. ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. हसरी होती, पण तिच्यामागे अर्धशिशी होती, लग्नाच्या आधीपासूनची. आठ-दहा दिवस बरे जायचे, मग एका सकाळी तिला उजेड सोसेनासा व्हायचा. खिडक्या लावून, पदर डोळ्यांवर घेऊन ती दिवसभर पडून राहायची. उलट्या व्हायच्या. आई सुंठेचा लेप लावायची. शेजारणींनी सांगितलं म्हणून सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी खाऊन झाली. काही उपयोग नाही. शाळेतून रजेवरून बोलणी बसायची. एकदा ती मला म्हणाली होती, "दुखतं तेव्हा मला वाटतं, हे डोकं कुणीतरी घेऊन जावं." मी औषधशास्त्राचा डॉक्टर, आणि मला काही करता येत नव्हतं.

मग दिवाळीला तिचा भाऊ पुण्याहून आला तो गोळ्या घेऊन. तिथल्या एका डॉक्टरने दिलेल्या, नवीन निघालेल्या. मी माहितीचा कागद वाचला आणि उडालोच. सिरोटोनिन अडवणारी गोळी! म्हणजे माझ्याच प्रबंधातली. आणि काय सांगू, गोळी लागू पडली. पंधरवडा गेला, महिना गेला, डोकं दुखलं नाही. ती खिडक्या उघड्या टाकून गाणं म्हणत घर आवरायची. आई म्हणायची, "सूनबाईला दुसरा जन्म मिळाला की रे." थंडी पडली होती. हात गार लागतात म्हणून ती लोकरीची बंडी घालायची आणि चुलीजवळ जास्त वेळ बसायची. बोटांना मुंग्या येतात म्हणायची. सोलापुरात थंडी ती काय असणार, पण पुण्याच्या माणसाला इथलं काही ना काही बाधतंच, असं आम्ही धरून चाललो.

त्या आनंदात मी एक रविवार सरांना जेवायला बोलावलं. म्हटलं, घरी जेवतील तर सहीसाठी जरा पाझर फुटेल. आई तर हरखून गेली. तिच्या लेखी ते पेठेतले नामांकित ज्योतिषी. माझा वैताग तिला कधी कळलाच नाही. "सूनबाईचा हात दाखवू या," ती मला कानात म्हणाली. "घरात पाळणा कधी हलायचा ते कळंल तरी."

सर जेवायला बसले. ज्वारीच्या भाकऱ्या, वांगं, शेंगाची चटणी. बायको चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तव्यावरून काढून थेट ताटात वाढत होती. उलथणं नाही, फडकं नाही. सर घास हातात धरून तिच्याकडे बघायला लागले.

"पोरी, भाजत न्हाई व्हय तुला?"

"नाही हो," ती हसून म्हणाली. "पूर्वी किती चटके बसायचे. आता काही वाटतच नाही."

"सुगरणीचा हात झाला की तिचा," आई म्हणाली.

सरांनी ताट सरकवलं. उष्टा हात टॉवेलाला पुसला, सरळ चुलीजवळ गेले आणि पीठ लागलेला तिचा डावा हात ओढून घेतला. डोळे मिटले. आई पदर सावरून पुढे सरकली. सर अंगठ्याने बोटं चाचपत होते, शेवटच्या दोन बोटांशी थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. इतका वेळ त्यांनी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता.

"काय दिसतंय की हो?" आईने विचारलं.

"काळं," सर म्हणाले. "ही दोन बोटं जायच्या वाटेवर हायेत."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. पाळणा विचारायला गेली आणि हे ऐकलं. "शुभ बोला हो! माझ्या लेकराच्या घरात जेवून काय हे बोलताय!" सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "सुई आना." तिच्या शिवणाच्या डब्यातून त्यांनी सुई काढली, निखाऱ्यावर धरली, आणि मी काही म्हणायच्या आत तिच्या करंगळीच्या टोकाला टोचली.

ती ओरडली नाही. हीच पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे रक्त आलं नाही. आम्ही चौघंही त्या बोटाकडे बघत होतो. पीठ पुसल्यावर दिसलं, बोट मेणासारखं होतं आणि नखाच्या बुडाशी निळसर. सरांनी बोट दाबलं, तरी नाही. मग बऱ्याच वेळाने एक काळपट ठिपका वर आला आणि तिथेच थांबला.

"वर्गात पण सुई टोचते कधीकधी, कळतच नाही," बायको हळूच म्हणाली. "मला वाटलं कातडी निबर झाली."

"गोळी कुटली घेतीस?"

मीच गोळ्या आणून दाखवल्या, आणि मला राग आलेला होता म्हणून जरा वरच्या आवाजात समजावूनही दिलं. सर, ही सिरोटोनिन अडवणारी गोळी आहे. सिरोटोनिन आवळतं. ते अडवलं तर वाहिनी मोकळी व्हायला पाहिजे. आवळेल कशी? सगळं बोलून झाल्यावर सर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "टॉवेल वला हाय, डॉक्टर."

मला त्या क्षणी तो माणूस, त्याचा टॉवेल आणि त्याची एस.टी. ह्या सगळ्यांचा मनस्वी संताप आला. माझी बायको समोर उभी आहे, तिचं बोट निळं पडलंय, आणि हा वर्गातल्या पोरांना सांगतो तसं मला सांगतोय. पण माझ्यापेक्षा ती जास्त चिडली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज चढलेला ऐकला. "मी गोळी सोडणार नाही. तुम्ही लोक हात बघता. अंधाऱ्या खोलीत दिवस दिवस पडून असायची, ते कुणाच्या हातात दिसलं का तुम्हाला? दोन बोटं गेली तर जाऊ देत."

सरांनी सुई पुसून ठेवली. मग म्हणाले, "न्हाई दिसलं. दुखनं हाताला लागत न्हाई, पोरी." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि न जेवताच गेले. आईने दारातल्या दारात मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली तेव्हा कळलं की गोळ्या नाहीत. चुलीजवळ नाहीत, कपाटात नाहीत, कुठेच नाहीत. सरांनी त्या उचलून नेल्या होत्या.

आता ह्याला काय म्हणायचं? विभागप्रमुख माणूस, जेवायला बोलावलेला पाहुणा, आणि आमच्या घरातून औषध चोरून सायकलवरून पसार. सोलापुरात ती गोळी कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. पुण्याला तार करायची तरी दोन-तीन दिवस जाणार. सकाळी तिचं डोकं दुखायला लागलं, आणि असं दुखायला लागलं की आधी कधी दुखलं नव्हतं. उशीवर डोकं आपटून घेत होती. आई म्हणाली, "त्या मेल्याच्या नरडीला हात घालून गोळ्या घेऊन ये." मी निघालो तो तेच करायच्या इराद्याने.

प्रयोगशाळेचं दार आतून लावलेलं. मी लाथ घातली तेव्हा शिपायाने उघडलं. सर डब्यात हात घालून बसले होते, बाजूला शिपाई काजळीचा कागद गुंडाळलेला ढोल फिरवत होता. मी म्हटलं, गोळ्या द्या.

"खाल्ल्या," सर म्हणाले.

"सगळ्या?"

"काल एक, आज एक. बाकीच्या मोरीत सोडल्या."

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. शिपाई बाहेर निघून गेला एवढं आठवतं. सर ऐकत राहिले. मी थांबल्यावर त्यांनी मोकळ्या हाताने कागदाकडे बोट केलं. वरची रेघ आधीची, चांगली उभी. खालची गोळीनंतरची. ती काजळीतून आडवी झोपलेली होती. मग त्यांनी डब्यातला हात काढला, टॉवेलाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. इतकी वर्षं ते दुसऱ्याचा हात मागायचे, त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आपला हात दिला. कोमट पाण्यातून आलेला हात, पण बोटं बर्फासारखी होती.

"मी तर दोनच खाल्ल्या," ते म्हणाले. "तिनं किती खाल्ल्या? पुस्तक बाजूला ठिव. तिला दवाखान्यात घिऊन ये. आत्ताच्या आत्ता."

मेडिसिनच्या आमच्या सहकाऱ्यांनी तिला दाखल करून घेतलं आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की गोळ्या कधी बंद केल्या. काल संध्याकाळी, मी म्हटलं. चांगलं केलंत, ते म्हणाले. मी केलं नाही हे सांगायला मला तोंड नव्हतं. डावा हात कापसात गुंडाळून ठेवला, वाहिनी सैल करायची औषधं चालू झाली, आणि डोक्यासाठी साध्या गोळ्यांपलीकडे काही देता येत नव्हतं. ती खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून पडायची. सर रोज संध्याकाळी यायचे, स्टूल ओढून बसायचे आणि तो हात धरून डोळे मिटायचे. ती त्यांच्याशी बोलायची नाही. हात मात्र काढून घ्यायची नाही. आई पलंगाच्या पायथ्याशी जपमाळ घेऊन त्यांच्याकडे खाऊ की गिळू नजरेने बघायची. रोज सर नुसतेच मान हलवून उठून जायचे. एका संध्याकाळी मात्र ते डोळे मिटूनच म्हणाले, "अनामिका आली." दोन दिवसांनी करंगळीही आली. तिच्या टोकाची कातडी काळी होऊन गळून पडली, नख वेडंवाकडं आलं, पण बोट राहिलं. त्या दिवशी मी व्हरांड्यात जाऊन रडलो, आणि रडतानाही मला त्या माणसाचा रागच येत होता. आभार मानावे तर हा म्हणणार, आनखी एक हात बगू.

आईने मात्र ह्या सगळ्याचा अर्थ आपल्या परीने लावला. "हात बघून सांगितलं, बोटं जायच्या वाटेवर आहेत म्हणून! आणि कसं शब्दाला शब्द खरं झालं!" गोळी, सिरोटोनिन, रेघ, मी सगळं सांगून पाहिलं. तिला एकच माहीत, ज्योतिषी अस्सल आहे. भवानी पेठेत तिने असा डंका पिटला की रविवारची रांग कोपऱ्यापर्यंत गेली आणि ती आवरायला मलाच जावं लागायचं.

अर्धशिशी परत आली ती आलीच. बायको पुन्हा खिडक्या लावून पडायला लागली. अशा दिवशी ती अंधारातून म्हणायची, "माझा टॉवेल नेला हो त्या माणसाने." आणि बरं वाटलं की मेथीचे लाडू करून मला त्यांच्यासाठी डब्यात द्यायची. प्रबंधावर सरांनी शेवटी सही केली. पण आधी एक प्रकरण वाढवायला लावलं, आणि त्याचा मथळा त्यांनी स्वतःच्या अक्षरात घातला. परीक्षकांनी पुन्हा मलाच विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे.

सर निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं त्यांना पोचवायला एस.टी. स्टँडवर गेलो. जेऊरला रेल्वे स्टेशन आहे, सोलापूरहून गाडी थेट जाते. पण सर कायम एस.टी.नेच जायचे. का, तर "रेल्वेत टॉवेलाला मान न्हाई." पत्र्याचा डबा त्यांनी पोत्यात बांधून बरोबर घेतला होता. कंडक्टर तो टपावर टाकायला सांगत होता आणि सर ऐकत नव्हते. म्हणजे ते भांडणही मलाच मिटवावं लागलं. बायकोचं सकाळपासून डोकं दुखत होतं. येऊ नकोस म्हटलं तरी काळा चष्मा घालून, पदर कपाळावर ओढून ती आली होती. करमाळ्याची गाडी फलाटाला लागली आणि माणसं दाराकडे धावली. मी बघतोय तोवर तिने पिशवीतून नवा कोरा टॉवेल काढला, टाचा उंचावल्या आणि खिडकीतून नेमका सीटवर टाकला.

सर धक्के खात आत पोचले. टॉवेल उचलला, दोन्ही हातांनी चाचपला. "कोरडा हाय," म्हणाले आणि बसले. मग गजातून हात बाहेर काढून त्यांनी तिचा डावा हात घेतला आणि डोळे मिटले. भोवती माणसं, हमाल, शेंगा विकणारी पोरं, सगळी बघत होती.

"काय दिसतंय की हो?" आईने विचारलं.

"गरम हाय," सर म्हणाले. डोळे उघडून तिच्या चष्म्याकडे पाहिलं. "डोकं दुखतंय?"

"दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय."

"दुखू दे, पोरी. हात गरम हाय."

तिने चष्मा काढला. डोळे भरले होते, उन्हाने का कशाने कोण जाणे. "आता माझा हात कोण बघणार?" ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझ्याबद्दल काडीचाही विश्वास नव्हता. "ह्यो हाय की. पर ह्यो पुस्तक बगतोय." गाडीने घरघर सुरू केली. त्यांनी तिचा हात खाली आणला, माझ्या हातात दिला आणि माझी बोटं तिच्या बोटांवर नीट दाबून बसवली. "बग," म्हणाले.

गाडी हलली. डिझेलच्या धुरात, तेवढ्या गर्दीत, मी तिचा हात धरून डोळे मिटले आणि अंगठ्याने एकेक बोट चाचपत गेलो. करंगळीचं वेडंवाकडं नख लागलं, तिथे थांबलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग डोळे उघडून, गाडी वळायच्या आत, जेवढा आवाज होता तेवढ्याने ओरडलो, "गरम हाय, सर!"

सगळं स्टँड आमच्याकडे बघायला लागलं.